कृष्णधवल छायाचित्रातील रंगनिवड : पंचगंगा घाटाच्या संदर्भात

कृष्णधवल छायाचित्रासंबंधी एक समजूत फार रूढ आहे. दृश्यातून रंग वजा केला की आकार, पोत आणि प्रकाश एवढेच उरतात, आणि हे उरलेले रूप रंगीत रूपापेक्षा अधिक शुद्ध, अधिक मूलभूत असते, अशी ती समजूत होय. रंग हा वस्तूवरचा मुलामा आहे, हे जुने गृहीतक तिच्या मुळाशी दिसते. प्रत्यक्षात कृष्णधवल चित्र वजाबाकीने तयार होत नाही. दृश्यातील प्रत्येक रंगाला काळ्या-पांढऱ्याच्या मधली एखादी छटा नेमून द्यावी लागते, आणि कोणत्या रंगाला कोणती छटा द्यावयाची हे दृश्य स्वतः सांगत नाही. तांबडे वस्त्र आणि त्यामागची हिरवी वेल यांतले अधिक उजळ कोणते, या प्रश्नाचे निश्चित उत्तर पुष्कळदा डोळ्याजवळही नसते. चित्राला मात्र ते द्यावेच लागते. पूर्वी हे उत्तर भिंगापुढे बसवलेली रंगीत काच देत असे. आता संगणकावरील संपादनात त्याच काचेचे नाव धारण करणारी सरकपट्टी ते देते. ‘कृष्णधवल’ ही संज्ञाही तशी थोडी फसवीच आहे. अशा चित्रातला बहुतेक मजकूर करडा असतो, आणि खरा प्रश्न असतो तो या करड्याच्या वाटपाचा.

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. तो अर्थाचा प्रश्न कसा होतो हे पाहण्यासाठी वाराणसीच्या पंचगंगा घाटाइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. काशीच्या पंचतीर्थांपैकी हे एक. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या येथे एकत्र येतात अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. रामानंदांचा श्रीमठ येथे आहे, त्रैलंगस्वामींचे स्थान येथेच आहे. घाटाच्या माथ्यावर आलमगीर मशीद उभी आहे. १६६९ मध्ये पाडल्या गेलेल्या बिंदुमाधवाच्या मंदिराची ती जागा. आजचे बिंदुमाधवाचे मंदिर जवळच आहे आणि त्याच्या उभारणीशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे नाव निगडित आहे. कार्तिकात ज्यावर दिवे उजळतात तो दगडी हजारी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांचा मानला जातो. पलीकडे दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट, अलीकडे बालाजी घाट. हा सगळा पट्टा पेशवाईपासून मराठी ब्राह्मण कुटुंबांच्या वस्तीचा. एकनाथांनी आपल्या भागवत-टीकेची समाप्ती १५७३ मध्ये काशीतच केली. तेव्हा या घाटाच्या पायऱ्यांवर जे रंग दिसतात त्यांचा अर्थ मराठी वाचकाला बाहेरून समजावून घ्यावा लागत नाही. संन्याशाची भगवी छाटी, सवाष्णीचे कुंकू, झेंडूच्या माळा, विधवेचे वस्त्र, चुनारच्या दगडाचा पिवळसर-गुलाबी रंग, पाण्याची हिरवट झाक: यांतील निम्मे रंग नुसते रंग नाहीत, त्या खुणा आहेत. चित्र कृष्णधवल करणे म्हणजे या खुणांचे भवितव्य ठरवणे.

फिल्टरचे कार्य सांगावयास सोपे आहे. रंगीत काच आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडते आणि विरुद्ध रंगाचा अडवते. त्यामुळे लाल काचेतून टिपलेल्या कृष्णधवल चित्रात लाल वस्तू उजळ होतात आणि निळे आकाश काळवंडते. निळ्या काचेतून नेमके उलटे घडते. पिवळी काच आकाश थोडेसे दाबून ढग वर आणते. हिरवी काच पानांना उजाळा देते. छायाचित्रकारांच्या पिशवीत रॅटन क्रमांकांच्या काचा असत: ८ क्रमांकाची पिवळी, ११ ची हिरवट, २५ ची लाल. लाल काच इतका प्रकाश गिळते की सुमारे आठपट प्रकाशन द्यावे लागे. म्हणजे निवडीची किंमत जागच्या जागी मोजावी लागत होती, आणि एकदा टिपलेले चित्र पुन्हा दुसऱ्या काचेतून टिपता येत नव्हते.

संगणकावरील चित्रात प्रत्येक बिंदूचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन अंकांनी, प्रत्येकी ० ते २५५ या मर्यादेत, नोंदलेला असतो. राष्ट्रध्वजातील केशरी रंगासाठी सर्रास वापरले जाणारे अंक २५५, १५३ आणि ५१ असे आहेत. फिक्या निळ्या आकाशासाठी १३५, २०६, २३५ हे अंक घेऊ. डोळ्याच्या संवेदनशीलतेला धरून केलेल्या नेहमीच्या रूपांतरात लाल अंकाचा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ टक्के आणि निळ्याचा ११ टक्के भाग घेतला जातो. या हिशेबाने केशरी वस्त्र १७२ वर येते आणि आकाश १८८ वर. दोन्ही जवळजवळ सारखेच करडे. आकाशाच्या पार्श्वभूमीवरची छाटी विरून जाते. आता केवळ लाल चॅनल घ्यावा: वस्त्र २५५, म्हणजे शुभ्र, आणि आकाश १३५. केवळ निळा घ्यावा: वस्त्र ५१, म्हणजे जवळजवळ काळे, आणि आकाश २३५. एकच संन्यासी, एकच सकाळ, आणि तीन चित्रे. एकात तो दिसेनासा होतो, एकात तो तेजःपुंज होतो, एकात तो काजळाच्या डागासारखा उठतो. यांपैकी कोणत्याही चित्रात काही खोडलेले नाही, काही जोडलेले नाही.

घाटाची पहिली छायाचित्रे ज्या काळातली आहेत त्या काळात ही निवड छायाचित्रकाराच्या हाती नव्हतीच. सॅम्युअल बोर्न याने १८६० च्या दशकात बनारसच्या घाटांची जी चित्रे घेतली त्यांत मशीद आणि तिचे उंच मिनार आहेत. त्या काळच्या कलोडियन काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. आकाश त्यांना अतिशय प्रखर भासे आणि ते कोरे पांढरे उतरे. त्या कोऱ्या आकाशावर मिनारांची कड विलक्षण स्पष्ट उमटते. बनारसच्या जुन्या चित्रांतील या रित्या आकाशात कालातीतता, विरक्ती किंवा उत्तरेकडचे रणरणते ऊन पाहण्याचा मोह होतो. वस्तुतः ते रसायनाचे आंधळेपण आहे. जेम्स प्रिन्सेपने ज्यांची डागडुजी केली होती त्या मिनारांपैकी एक १९४८ मध्ये कोसळला आणि दुसरा पुढे सुरक्षिततेसाठी उतरवला गेला. आज ते मुख्यतः अशाच चित्रांतून उरले आहेत, म्हणून हे आंधळेपण ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हर्मान फोगेल याने १८७३ मध्ये रंजकद्रव्यांच्या साहाय्याने काचेला हिरव्या प्रकाशाची जाण देता येते असे दाखवले. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात आल्या. फिल्टरची निवड खऱ्या अर्थाने शक्य झाली ती त्यानंतर. त्याआधीचे प्रत्येक छायाचित्र जणू निळ्या फिल्टरखाली घेतलेले आहे, आणि तो फिल्टर कोणी निवडलेला नव्हता.

याचा परिणाम आकाशापुरता थांबला असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. भारतीय माणसाची त्वचा लाल-पिवळा प्रकाश अधिक आणि निळा फारच कमी परावर्तित करते. निळ्यालाच ओळखणाऱ्या काचेवर ती आहे त्यापेक्षा पुष्कळ काळी उमटते. फोर्ब्स वॉटसन आणि के यांच्या संपादनाखाली १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेला ‘पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांसह केलेला जाति-जमातींचा वर्णनग्रंथ याच काचांच्या युगातला. ‘वर्ण’ या शब्दाला आपल्याकडे रंग, अक्षर आणि समाजातील स्थान असे तिन्ही अर्थ आहेत. छायाचित्र हा पुरावा मानून माणसांची वर्गवारी करू पाहणाऱ्या ज्ञानव्यवहारात या तीन अर्थांची गल्लत रसायनाच्या पातळीवरच होऊन बसली होती, आणि ती ध्यानात न घेता आजही ती चित्रे ‘जशी माणसे होती तशी’ म्हणून छापली जातात.

पंचगंगेच्या पायऱ्यांवर मात्र प्रश्न अधिक नाजूक होतो. कुंकवाच्या लालभडक रंगासाठी २२७, ६६, ५२ हे अंक घ्यावेत आणि गव्हाळ-सावळ्या कपाळासाठी उदाहरणादाखल १९८, १३४, ६६. हिरव्या चॅनलमध्ये कपाळ १३४ आणि कुंकू ६६. कुंकू ठसठशीत काळे दिसते. लाल चॅनलमध्ये कपाळ १९८ आणि कुंकू २२७. कुंकू कपाळात मिसळून जाते, किंबहुना किंचित उजळ डाग एवढेच त्याचे अस्तित्व उरते. उत्तरेकडील स्त्रियांच्या भांगातील सिंदुराचे तर याहून विचित्र होते. लाल फिल्टरखाली भरलेला भांग आणि रिकामा भांग यांत फरकच उरत नाही, कारण दोन्ही ठिकाणी काळ्या केसांमधली एक उजळ रेघच दिसते. लाल फिल्टर त्वचेचे डाग लपवतो, चेहरा मऊ आणि उजळ करतो, म्हणून व्यक्तिचित्रांच्या संपादनात तो सर्रास वापरला जातो. ज्या नगरीत सौभाग्य आणि वैधव्य या दोन अवस्थांमधली सीमा शतकानुशतके स्त्रीच्या कपाळावर आणि भांगात आखली गेली, त्या नगरीच्या चित्रात हा सौंदर्योपचार काय करतो? तो सवाष्णीचे कुंकू पुसतो.

वस्त्राच्या बाबतीत मराठी वाचकाची दृष्टी येथे विशेष उपयोगी पडते. काशीतील विधवा म्हटले की पांढरे वस्त्र डोळ्यांपुढे येते. ते बंगाल आणि हिंदी प्रदेशाच्या रूढीचे चित्र होय. केशवपन केलेली महाराष्ट्रीय ब्राह्मण विधवा मात्र तांबड्या आलवणात असे. काशीवासासाठी आलेल्या अशा स्त्रिया या घाटांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. म्हणजे एकाच पायरीवर दोन स्त्रिया बसल्या आहेत, दोघींचीही अवस्था एक, परंतु एकीचे वस्त्र पांढरे आणि दुसरीचे तांबडे. निळ्या प्रकाशापुरते पाहणाऱ्या जुन्या काचेवर पांढरे वस्त्र पांढरे उमटेल आणि आलवण जवळजवळ काळे. लाल फिल्टरखाली नवे, गडद आलवण मध्यम करडे होईल. धुऊन धुऊन विटलेले असल्यास ते पांढऱ्याच्या इतके जवळ जाईल की मराठी बाई आणि बंगाली बाई एकाच रूढीत उभ्या दिसतील. त्यांच्या शेजारून भगव्या छाटीतला संन्यासी गेला, तर त्याच फिल्टरखाली तोही पांढराच. तीन जीवनरीती एका शुभ्रतेत लुप्त होतात, आणि त्या शुभ्रतेला मग ‘काशीची विरक्ती’ असे नाव मिळते. उलट निळ्या बाजूला झुकलेल्या रूपांतरात आलवण, छाटी आणि शाळेतून परतणाऱ्या मुलीची लाल फीत ही सारी एकाच अंधारात जातात. पांढरे वस्त्र तेवढे कोणत्याही फिल्टरला बधत नाही. त्याचे तिन्ही अंक सारखेच असतात. काशीच्या कृष्णधवल चित्रांत पांढऱ्या वस्त्रातील विधवेची प्रतिमा एवढी पक्की का झाली, याच्या अनेक सामाजिक कारणांत हे एक क्षुद्र वाटणारे कारणही धरावे लागेल.

येथे एक आक्षेप संभवतो. छायाचित्र ही कलाकृती असेल तर तिच्यातील छटांचे परस्परसंबंध तेवढे पाहावेत. कुंकू, आलवण हे लौकिक अर्थ बाहेरून का आणावेत? मराठी सौंदर्यविचारात या आक्षेपाला मोठी परंपरा आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात समाविष्ट झालेल्या मर्ढेकरांच्या विचारानुसार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची जी संघटना साधते तिच्यात सौंदर्य असते. या कसोटीने पाहता फिल्टर हे लय घडवण्याचे साधनच होय. केशरी आणि आकाश यांचा जो विरोध नेहमीच्या रूपांतरात मावळतो तो लाल काच परत आणते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटी खोऱ्यातील हाफ डोम या कड्याचे जे प्रसिद्ध चित्र घेतले त्याची कथा सर्वश्रुत आहे. पिवळ्या काचेतून एक चित्र घेतल्यावर, मनात उभा राहिलेला कडा त्यात उतरणार नाही हे त्याला जाणवले. गडद लाल काच लावून त्याने आकाश जवळजवळ काळे केले. तेथे काळ्या आकाशाने कोणाचेही काही हिरावून घेतले नाही. ग्रॅनाइटच्या कड्याला कुंकू नसते.

पंचगंगा घाट हाफ डोम नव्हे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलेच्या विचारातील लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची जी मांडणी केली तिचा उपयोग येथे होतो. घाटाचे चित्र या दोन्ही ध्रुवांच्या ओढीत असते. केवळ लयीच्या कसोटीवर लाल फिल्टरचे चित्र श्रेष्ठ ठरेल. केवळ माहितीच्या कसोटीवर कोणतेही कृष्णधवल चित्र उणेच ठरेल. चांगले चित्र ते, ज्यात छटांची संघटना आणि खुणांची संगती एकमेकींना तोडत नाहीत. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात काशीतच वैधव्य आलेली सर्वजया उरलेल्या कथेत पांढऱ्या वस्त्रात वावरते. सुब्रत मित्र यांच्या छायालेखनात या पांढऱ्याला भोवतालच्या भिंतींच्या आणि सावल्यांच्या असंख्य करड्या छटा मिळालेल्या आहेत. म्हणून ते पांढरे वस्त्र वैधव्याची खूण म्हणूनही वाचता येते आणि छटांच्या रचनेतला एक घटक म्हणूनही. खूण आणि लय येथे एकाच वस्तूत आहेत.

याच्या दुसऱ्या टोकाला रघुबीर सिंग उभे राहतात. त्यांचे बनारसवरील पुस्तक १९८७ मध्ये आले, ते अर्थातच रंगीत. कृष्णधवल ही पाश्चात्त्य मनाची, अपराधभावाची आणि एकाकीपणाची भाषा आहे. भारतीय दृष्टी रंगातच विचार करते, असे त्यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) मध्ये आग्रहाने मांडले. हे विधान आकर्षक असले तरी ढोबळ आहे. गंगा-यमुनेच्या प्रवाहांना ‘सित’ आणि ‘असित’ म्हणणारी परंपरा याच देशातली, आणि काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर पांढऱ्या चंदनाची रेघ ओढणारी दृष्टीही येथलीच. आक्षेप कृष्णधवलावर नाही. रंगाचे छटेत भाषांतर करताना भाषांतरकार गुप्त राहतो, यावर आहे.

संगणकावरील संपादनाने हे भाषांतर अतिशय सुलभ केले, आणि त्याचबरोबर त्याचे स्वरूपही बदलले. भिंगापुढची काच साऱ्या चित्राला एकच नियम लावी. लाल काच घेतली की कुंकू उजळेल, छाटी उजळेल, आकाश दबेल आणि दूरचे निळसर धुरकट क्षितिज स्पष्ट होईल. यांतले एक हवे आणि दुसरे नको असे म्हणता येत नसे. फोटोशॉपमध्ये २००७ पासून सहा रंगगटांसाठी सहा स्वतंत्र पट्ट्या आल्या. लाइटरूममध्ये त्या आठ आहेत. आता लाल उजळ करून त्याच वेळी नारिंगी दाबता येतो, निळा पांढरा करून आकाशी काळा करता येतो. अशी काच जगात कोठेही नाही. म्हणून या पट्ट्यांच्या सर्वच वापराला ‘फिल्टर’ म्हणणे सैलपणाचे आहे. जोवर सारे चित्र एका नियमाने बांधलेले आहे तोवर तो फिल्टर. नियम मोडला की ते काम चित्रकाराचे होते. चित्रकार होण्यात गैर काही नाही, फक्त ते काचेच्या नावावर खपवू नये. अशा ओढाताणीच्या खुणा जाणकाराला दिसतातही. काळ्या केलेल्या आकाशाला लागून मंदिराच्या शिखराभोवती पांढरी किनार उमटते. सपाट आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे पडतात. निळी पट्टी फार ओढली की चित्रात रवाळपणा येतो. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या संवेदकावर निम्मे बिंदू हिरव्यासाठी असतात आणि लाल व निळ्याच्या वाट्याला चौथाई-चौथाईच येतात.

काही गोष्टी मात्र सरकपट्टीच्या आवाक्यातल्या नाहीतच. हिवाळ्यात या घाटावर जे धुके उतरते त्याचे जलकण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असतात आणि सर्व रंगांना सारखेच विखुरतात. दूरच्या निळसर धुरकटपणाला भेदणारा लाल फिल्टर या धुक्यापुढे निष्प्रभ ठरतो. धुक्याच्या चित्रात पलीकडचा तीर अचानक स्पष्ट दिसू लागला तर ते फिल्टरचे काम नव्हे, हे वाचकाने समजावे. कार्तिकातील आकाशदीपांचे चित्र ही तर खरी परीक्षा आहे. वेळूच्या उंच काठीवर टांगलेल्या करंडीतला दिवा लाल-पिवळ्या प्रकाशाचा, त्यामागचे संध्याकाळचे आकाश गडद निळे. लाल बाजूला गेले तर दिवे पांढरे भक्क होतात आणि आकाश नाहीसे होते. निळ्या बाजूला गेले तर आकाश उजळते आणि दिवे विझल्यासारखे होतात. दिवा पितरांच्या वाटेसाठी आकाशात टांगलेला असतो. आकाशच नाहीसे झाले तर तो कशासाठी टांगला आहे हे चित्राला सांगता येणार नाही. पिवळ्या किंवा हिरवट काचेचे मधले रूपांतर येथे अधिक योग्य, आणि तेच सर्वांत कमी नाट्यमय. पर्यटनाच्या पुस्तकांतून हे मधले चित्र क्वचितच दिसते. काळ्या आकाशावर पांढऱ्या ठिपक्यांचेच दिसते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही सारी स्थिती ओळखीची वाटेल. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे पाठभेद होते, आणि आपण काय केले याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतः करून ठेवली. पुढच्या शतकांतील पाठचिकित्सेची सारी शिस्त एवढ्याच एका मागणीवर उभी आहे: पाठ निवडा, पण निवडला हे सांगा आणि टाकलेले पाठ तळाशी ठेवा. डिजिटल कृष्णधवल चित्राच्या बाबतीत ही मागणी पूर्ण करणे अवघडही नाही. मूळ रंगीत नोंद जपून ठेवता येते आणि रूपांतराचे प्रमाण चित्राखाली एका ओळीत देता येते. ग्रंथसंपादकाला जो न्याय लावला जातो तोच घाटाच्या चित्राला लावावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही; संग्रहालयांनी आणि विद्यापीठांच्या चित्रसंग्रहांनी तरी ती पाळावी. आजवर छापल्या जाणाऱ्या चित्रांखाली स्थळ आणि फार तर साल असते. रंगाचे काय केले हे नसते.

जुन्या काचांवरील आणि फिल्मवरील चित्रांना ही सोय उरलेली नाही. त्यांत रंगाची नोंद मुळातच नाही. संगणकावर आणल्यावर त्यांच्या प्रत्येक बिंदूचे तिन्ही अंक सारखेच येतात आणि कोणत्याही फिल्टरची पट्टी ओढली तरी छटांचे परस्परसंबंध हलत नाहीत. अलीकडे अशा चित्रांत संगणकाकडून आपोआप रंग भरण्याची प्रथा पडली आहे. एकच करडी छटा कित्येक निरनिराळ्या रंगांपासून आलेली असू शकते. यंत्र त्यांतला बहुधा तो रंग निवडते, जो त्याने तशा आकारावर अधिक वेळा पाहिलेला असतो. काशीच्या पायरीवर डोके झाकून बसलेल्या वृद्ध स्त्रीचे वस्त्र जुन्या काचेवर जवळजवळ काळे आहे. ते काळे होते, गडद निळे होते की तांबडे आलवण होते, हे त्या करड्या अंकात कोठेही लिहिलेले नाही. ते ठरवण्यासाठी चित्राबाहेर जावे लागते: ती कोणत्या घाटावर बसली आहे, घाटामागची वस्ती कोणाची, पदर डोक्यावरून कसा घेतला आहे, पदराखाली केस आहेत की नाहीत. हे सारे पाहिल्यावर कदाचित ते वस्त्र तांबडे ठरेल. यंत्राने रंगवलेल्या प्रतीत ते निळे झाले असेल, आणि ती प्रत मूळ चित्रापेक्षा अधिक लोकांनी पाहिलेली असेल.